खात्यातून परस्पर गेलेले पैसे: बँकेशी वाद घालताना नियम, मुदती आणि खाचाखोचा

जमाखर्च | 3 सप्टेंबर 2025, सकाळी 10.40

आपण न केलेला व्यवहार खात्यावर दिसला की शाखेत भांडण सुरू होतं ते "चूक कुणाची" यावर. टेबलावर हात आपटून त्याचा निकाल लागत नाही. तक्रार पहिल्या दिवशी कोणत्या खान्यात पडली आणि तिच्यावर कोणती वेळ उमटली, यावरच बहुतेक प्रकरणांचा निकाल ठरतो. म्हणून हा धागा.

आधार आहे रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक 14 डिसेंबर 2017 ला निघालं. अशा व्यवहाराचं नुकसान कुणी सोसायचं, म्हणजे दायित्व कुणाचं, याचे त्यात तीन खाने आहेत.

चूक, हलगर्जी किंवा संगनमत बँकेकडचं असेल तर ग्राहकाचं दायित्व शून्य. तक्रार कधी केली याला इथे महत्त्व नाही.

चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणीतरी यंत्रणेत हात घातला, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून 3 कामकाजी दिवसांत कळवलं, तरीही दायित्व शून्य. चौथ्या ते सातव्या कामकाजी दिवसात कळवलं तर मर्यादित: बेसिक बचत खात्याला 5,000 रुपये, इतर बचत खात्यांना आणि 5 लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डांना 10,000, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डांना 25,000. सातच्या पुढे गेलात तर त्या बँकेच्या संचालक मंडळाचं धोरण लागू. ते बँकेच्या संकेतस्थळावर असायला हवं, आणि वाचून बघा, धोरणाधोरणात बराच फरक असतो.

तिसरा खाना ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा. ओटीपी, पिन कुणाला दिला. इथे कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, आणि हा अर्धा भाग शाखेत कुणी आपण होऊन सांगत नाही. समजा 25,000 चे दोन व्यवहार 10.05 आणि 10.20 ला झाले, तुम्ही 10.30 ला कळवलंत आणि 10.50 ला आणखी 40,000 गेले. अगदी ओटीपी तुम्हीच दिला असला तरी ते 40,000 बँकेने भरायचे. म्हणून कळवल्याची वेळ मिनिटासकट हातात हवी.

परिपत्रकातच दोन मुदती: कळवल्यापासून 10 कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची, बँकेतले लोक तिला शॅडो क्रेडिट म्हणतात, आणि 90 दिवसांत प्रकरण निकाली काढायचं. जमा ही व्यवहाराच्या तारखेची धरायची, म्हणजे बचतीचं व्याज बुडत नाही. 90 दिवसांत दायित्व ठरलं नाही तर वरच्या हिशेबाने पैसे द्यावेच लागतात.

उंबरठा | 3 सप्टेंबर, 11.25

चांगला धागा. 10,000 ची मर्यादा एकूण रकमेला की प्रत्येक व्यवहाराला? आणि कामकाजी दिवस कुठल्या शाखेचे धरायचे?

जमाखर्च | 3 सप्टेंबर, 11.50

प्रत्येक व्यवहाराला, आणि व्यवहाराची रक्कम किंवा मर्यादा यांतली जी कमी ती. 20,000 चे तीन व्यवहार पाचव्या दिवशी कळवले तर तुमच्या वाट्याला 30,000, बँकेच्या वाट्याला 30,000. पण 6,000 चे तीन गेले असतील तर सगळे 18,000 तुमचेच. छोट्या छोट्या रकमांनी खातं रिकामं केलेलं असतं तेव्हा चौथ्या दिवशीची तक्रार फार महागात पडते.

दिवस तुमच्या मूळ शाखेच्या कामाचे, आणि संदेश आला तो दिवस मोजायचा नाही. परवाच्या गणपतीचंच उदाहरण घ्या. एसएमएस शुक्रवारी 22 ऑगस्टला आला. 23 चौथा शनिवार, 24 रविवार. सोमवार पहिला दिवस, मंगळवार दुसरा, 27 ला गणेश चतुर्थीची सुट्टी, गुरुवार 28 तिसरा. शाखा पुण्यात असेल तर 28 ही शेवटची तारीख. शाखा पणजीत असेल तर 28 लाही बँकेला सुट्टी होती, म्हणून 29. सातवा दिवस महाराष्ट्रात 2 सप्टेंबरला पडतो, कारण 30 ऑगस्ट पाचवा शनिवार होता आणि पाचव्या शनिवारी बँका उघड्या असतात.

हे दिवस फक्त दायित्व मोजायला. तक्रार मात्र त्याच मिनिटाला करायची. शाखा उघडायची वाट बघणं म्हणजे चोराला सुट्टी देणं.

खातेउतारा | 3 सप्टेंबर, 12.35

एक महत्त्वाची भर. तक्रारीला बँकेकडून पहिलं उत्तर बहुधा असं येतं: "व्यवहार योग्य ओटीपीने प्रमाणित झाला आहे, सबब बँक जबाबदार नाही." हे उत्तर अपुरं आहे. परिपत्रकानुसार ग्राहकाचं दायित्व सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. योग्य ओटीपी टाकला गेला एवढ्यावरून तो ग्राहकाने टाकला किंवा दिला असं होत नाही. सिम बदललेलं असू शकतं, फोनमधले एसएमएस दुसरीकडे जात असू शकतात.

त्यामुळे "मी ओटीपी दिला नाही" एवढंच पुन्हा पुन्हा लिहून उपयोग नाही. नोंदी मागा. नवं उपकरण कधी जोडलं गेलं, लाभार्थी कधी जोडला, त्या प्रत्येक टप्प्याचा एसएमएस कोणत्या नंबरवर गेला आणि पोचल्याची नोंद काय, लॉगिन कोणत्या आयपीवरून (इंटरनेट पत्त्यावरून) झालं, व्यवहार मर्यादा कुणी कधी वाढवली. एसएमएस पोचल्याची तारीख-वेळ बँकेने नोंदवून ठेवायचीच असते, ते त्याच परिपत्रकात आहे.

नोंदी आल्या की त्या कशा वाचायच्या, त्याचा एक नमुना. 21.14 नवं उपकरण नोंदलं. 21.16 लाभार्थी जोडला. 21.17 मर्यादा 50,000 वरून 5 लाख. 21.19 ला 4,90,000 गेले. इथे प्रश्न ओटीपीचा राहत नाही. नव्या उपकरणावरून, नव्या लाभार्थ्याला, पाच मिनिटांत, खात्याच्या आजवरच्या वळणात न बसणारी रक्कम बँकेच्या यंत्रणेने का सोडली, हा प्रश्न आहे. नवा लाभार्थी जोडल्यावर थांबायचा काळ बँकेने स्वतःच्याच अटींत लिहिला असेल आणि तो पाळला गेला नसेल, तर प्रकरण सरळ पहिल्या खान्यात जातं.

कार्डाचंही तसंच. 16 मार्च 2020 पासून नवी कार्डं फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरती चालू करून द्यायची आहेत. ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा. परदेशी वापर बंद असताना डॉलरमधला व्यवहार उतरला तर त्या बटणाची तेव्हाची स्थिती लेखी मागा.

उंबरठा | 3 सप्टेंबर, 13.10

आणि ओटीपी खरंच दिला गेला असेल तर? तक्रारीत लिहायचं की नाही?

खातेउतारा | 3 सप्टेंबर, 13.40

खोटं लिहू नका. कॉलचं रेकॉर्डिंग आणि फोनची तपासणी पुढे येते, मग खरी बाजूही पडते. पण स्वतःच्या हाताने स्वतःला दोषीही ठरवू नका. "माझ्या निष्काळजीपणामुळे" हा शब्द तक्रारीत घालायचं कारण नाही. काय घडलं तेवढं लिहा. पहिली तक्रार इतपत पुरते:

"माझ्या बचत खात्यातून 22/08/2025 रोजी 21.47 वाजता आयएमपीएसने 48,500 रुपये गेले, संदर्भ क्रमांक अमुक. हा व्यवहार मी केलेला नाही व कुणाला करण्यास सांगितलेला नाही. बँकेचा एसएमएस मला 21.48 वाजता मिळाला. ही सूचना रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाखालील समजून रक्कम 10 कामकाजी दिवसांत तात्पुरती जमा करावी. खात्यावरील कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय व आधार व्यवहार तत्काळ थांबवावेत. तक्रार क्रमांक व नोंदीची वेळ कळवावी."

हेल्पलाइनवर बोलून झालं तरी हेच ईमेलने पाठवायचं. परिपत्रकाप्रमाणे तक्रार क्रमांक आपोआप आणि लगेच यायला हवा. नाही आला तर स्क्रीनशॉट.

शिक्का_मोर्तब | 3 सप्टेंबर, 15.05

संदर्भ क्रमांकांत लोक फार गोंधळ करतात म्हणून लिहितो. यूपीआय आणि आयएमपीएसचा 12 अंकी, एनईएफटीचा यूटीआर 16 अक्षरांचा, आरटीजीएसचा 22. अ‍ॅपवर दिसणारा "ऑर्डर आयडी" यांतला कुठलाच नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर चुकीचा क्रमांक गेला की समोरच्या बँकेला व्यवहार सापडत नाही, आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात.

1930 आणि सायबर गुन्ह्यांचं राष्ट्रीय पोर्टल हे बँकेच्या तक्रारीला पर्याय नाहीत, आणि बँकेची तक्रार त्यांना पर्याय नाही. 1930 चं काम पैसे वाटेत अडवण्याचं. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौघांत, मग एटीएममधून रोख, असा तो प्रवास असतो. जिथे शिल्लक सापडेल तिथे तेवढी रक्कम होल्ड होते. फोन केल्यावर पोर्टलवर तक्रार पूर्ण भरायची राहिली तर काम अर्धवट राहतं, ते विसरू नका.

होल्ड म्हणजे परत मिळाले असं नाही. ते पैसे दुसऱ्याच्या खात्यात पडून आहेत. सोडवायला साधारणपणे पोलिसांचा अहवाल आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 457 लावायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 503. अर्जाला ओळखपत्र, खातेउतारा, पोर्टलचा पावती क्रमांक आणि कोणत्या बँकेत किती रक्कम होल्ड आहे याचा तपास अधिकाऱ्याकडचा तपशील जोडा. या शेवटच्या कागदाशिवाय अर्ज लोंबकळतो.

गावठाण | 3 सप्टेंबर, 18.20

सगळे ओटीपीवर बोलताय. गावाकडे मोठा वांधा अंगठ्याचा आहे. आधारवरून पैसे काढायला ना ओटीपी लागतो ना पिन. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, संपलं. दस्तांवरच्या ठशांवरून रबराची बोटं करून पैसे काढल्याचे गुन्हे अनेक राज्यांत नोंदले गेलेत.

एक लक्षात घ्या, इथे ग्राहकाने कुणाला काहीच दिलेलं नसतं, त्यामुळे तिसरा खाना लागूच होत नाही. तक्रारीत तसं स्पष्ट लिहा आणि विचारा: टर्मिनल क्रमांक काय, ते मशीन कुठल्या बँकेने दिलेलं, कोणत्या गावात होतं. खातं साताऱ्याचं आणि अंगठा दुसऱ्या राज्यात उमटला असेल तर त्याच दिवशी इथल्या हजेरीचा कुठलाही पुरावा चालतो, अगदी ग्रामसभेची सही किंवा दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा.

अडचण अशी की एका व्यवहाराची मर्यादा 10,000 आणि वयस्कर माणसांच्या खात्याला जुना मोबाइल नंबर. एसएमएस पोचतच नाही, पासबुक भरायला गेल्यावर कळतं. तीन दिवसांची मोजणी बँकेचा संदेश मिळाल्यापासून आहे, हे तिथे ठासून सांगायचं. पण नंबर बदलल्याचं बँकेला कळवलंच नसेल तर बाजू लंगडी पडते, हेही खरं.

उपाय म्हणजे एम-आधार अ‍ॅपवरून बायोमेट्रिक लॉक. मात्र लॉक केलं की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, आधी थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं. घरात ते करून देणारं कुणी नसेल तर बँकेत अर्ज देऊन खात्यावरची आधार-रोखीची सोयच बंद करून घेतलेली बरी. बिझनेस करस्पॉन्डंटच्या, म्हणजे बँकेच्या वतीने गावात अंगठ्यावर पैसे देणाऱ्या प्रतिनिधींच्या, तपासणीबद्दल रिझर्व्ह बँकेच्या 27 जून 2025 च्या सूचना आहेत, लागू 1 जानेवारी 2026 पासून.

शिक्का_मोर्तब | 3 सप्टेंबर, 19.00

गावठाण, नेमकं लिहिलंत. पतसंस्थेचं काय, तेही लिहा. तिकडे हा गैरसमज फार.

गावठाण | 3 सप्टेंबर, 19.30

पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाही. म्हणजे हे परिपत्रकही नाही आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपालही नाही. पतसंस्थेच्या अ‍ॅपवर क्यूआर असला म्हणून ती बँक होत नाही. नागरी सहकारी बँकेला परिपत्रक लागू आहे. पण ती बिगर-शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीत नसलेली) असून ठेवी 50 कोटींच्या आत असतील तर लोकपाल योजनेत येत नाही. तेव्हा तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जाते.

मँडेट | 4 सप्टेंबर, सकाळी 9.15

ईएमआय किंवा वर्गणीपोटी परस्पर कापले जाणारे पैसे हा वेगळा प्रकार, त्यावर दोन शब्द. मँडेट (कपातीची परवानगी) बँकेकडे रद्द केल्यावरही नाचची (एनएसीएच, आपोआप कपातीची बँकांमधली यंत्रणा) रक्कम कापली गेली, तर 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे जबाबदारी तुमच्याच बँकेची. पुढच्या दिवसापर्यंत परत द्यायची, उशिराचे रोज 100 रुपये. "कंपनीशी बोला" हे उत्तर चालत नाही. पण मँडेट कंपनीच्या अ‍ॅपवर रद्द केलं आणि बँकेला कळवलंच नाही, तर हा नियम हातात येत नाही. बँकेची पोच ठेवा आणि उताऱ्यावरचा यूएमआरएन, म्हणजे मँडेटचा क्रमांक, उतरवून घ्या. एकाच कंपनीची दोन मँडेट असतात, लोक भलतंच रद्द करतात.

कार्डावरच्या नियमित कपातीला किमान 24 तास आधी सूचना यायला हवी. 15,000 च्या वरच्या रकमेला दर वेळी प्रमाणीकरण लागतं. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ती मर्यादा 1 लाख.

हडसनकाठ | 4 सप्टेंबर, 10.05

इथे अमेरिकेत अशा व्यवहारांसाठी रेग्युलेशन ई हा नियम आहे. चोरीला गेलेलं कार्ड कळल्यापासून दोन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाला कमाल 50 डॉलर, नंतर 500. उतारा पाठवल्यापासून 60 दिवसांत कळवलं नाही तर त्यापुढे होणाऱ्या नुकसानीला मर्यादा नाही. चौकशी 10 कामकाजी दिवसांत संपली नाही तर तात्पुरती जमा देऊन 45 दिवसांपर्यंत नेता येते.

मोठा फरक निष्काळजीपणाचा. पिन कार्डावर लिहून ठेवला होता म्हणून ग्राहकाचं दायित्व वाढवता येत नाही, असं नियमाच्या अधिकृत भाष्यातच आहे. भारतातला तिसरा खाना इथे नाहीच. मात्र फसवून तुमच्याच हाताने पाठवायला लावलेल्या पैशांना इथेही हे छत्र मिळणं अवघड.

उंबरठा | 4 सप्टेंबर, 10.40

म्हणजे "डिजिटल अरेस्ट"वाले पैसे इथेही 2017 च्या परिपत्रकात बसत नाहीत?

जमाखर्च | 4 सप्टेंबर, 11.15

बँका बसवत नाहीत. व्यवहार ग्राहकाने स्वतः केला म्हणजे तो "अनधिकृत" नाही, हा त्यांचा युक्तिवाद, आणि शब्दशः पाहता तो टिकतो. तिथे 10 दिवसांच्या जमेवर वेळ घालवू नका. सगळा जोर 1930 वर, आणि नंतर पैसे घेणाऱ्या बँकेवर.

खातेउतारा | 4 सप्टेंबर, 12.20

इतकं सरसकट नको, जमाखर्च. पैसे घेणारी बँक हाच खरा मुद्दा आहे आणि तो केवळ "नंतर"चा नाही. 2013 मध्ये महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे पुण्याच्या एका वाहन-सुटे-भाग कंपनीचं प्रकरण होतं. फिशिंग (फसव्या) ईमेलला बळी पडून पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून 80.10 लाख गेले. ग्राहकाने ईमेलला उत्तर दिलं होतं, ती चूक धरूनही बँकेने 45 लाख द्यावेत असा आदेश झाला, कारण चोरांची खाती उघडताना पुरेशी तपासणी झाली नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 46 खाली राज्याचे आयटी सचिव हेच निवाडा अधिकारी असतात, 5 कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. लोकांना हे दार माहीतच नसतं.

उच्च न्यायालयातही गेल्या काही वर्षांत वारं फिरलंय. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं की एसएमएसला उत्तर दिलं नाही एवढ्यावरून ग्राहकावर दायित्व येत नाही. जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला 76,90,017 रुपये परत करायला लावले. लाभार्थी जोडल्याची सूचना ग्राहकाला गेलेलीच नव्हती, आणि त्याआधी लोकपालाने ती तक्रार फेटाळली होती. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुवाहाटी उच्च न्यायालयाचा 94,204 रुपये परत करण्याचा आदेश स्टेट बँकेविरुद्ध कायम ठेवला.

जमाखर्च | 4 सप्टेंबर, 12.50

मान्य, "नंतर" हा शब्द मागे घेतो.

लोकपालाबद्दल: बँकेने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही की 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर जाता येतं. "आमच्याकडे 90 दिवस आहेत" असं शाखेत सांगतात, पण ती परिपत्रकातली बँकेने प्रकरण निकाली काढायची मुदत. लोकपालाचं दार तिसाव्या दिवसानंतर उघडतं. उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. पोलीस तपास चालू आहे म्हणून तक्रार बाद होत नाही, न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात तोच दावा असेल तर होते. म्हणून क्रम नीट ठरवा. वकील लावता येत नाही.

फेटाळल्याचं पत्र नीट वाचा. मोठ्या व्यापारी बँकांत तक्रार पूर्ण किंवा अंशतः नाकारण्याआधी ती बँकेच्या अंतर्गत लोकपालासमोर जायला हवी. पत्रात तसा उल्लेख नसेल तर लोकपालाकडच्या अर्जात पहिली ओळ तीच.

शिक्का_मोर्तब | 4 सप्टेंबर, 16.30

एक राहिलं. शाखेत छापील डिस्प्यूट फॉर्म पुढे करतात. त्यात बारीक अक्षरांत "कार्ड माझ्या ताब्यात होते", "ओटीपी सामायिक केला: होय / नाही", आणि काही फॉर्मांत "बँकेचा निर्णय मला मान्य राहील" असं असतं. शेवटचं वाक्य खोडून शेजारी सही करा. होय-नाहीत तुमची गोष्ट बसत नसेल तर रकाना रिकामा ठेवून "सोबतचे पत्र पाहावे" लिहा. मग फॉर्म आणि पत्र दोन्हींच्या झेरॉक्सवर शाखेचा शिक्का, तारीख, आणि वेळसुद्धा घ्या. शिक्क्यात वेळ नसते; कर्मचाऱ्याला पेनने लिहायला सांगा.